रविराजच्या नावाची जागा

दशक्रियेची पत्रिका घरात ठेवत नाहीत. आमच्याकडे ती हातात आली की उभ्याउभ्या वाचायची, दिवस आणि घाट लक्षात ठेवायचा आणि उंबऱ्याबाहेरच फाडून टाकायची. पूर्वी पोस्टकार्डाचंही तसंच होतं. त्यामुळे लग्नपत्रिका वर्षानुवर्षं फडताळात सापडतात, पण मेलेल्या माणसाची पत्रिका थोड्याच दिवसांत जगात कुठे मिळत नाही. टाइप करणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये राहिली तर राहिली.

शिरूरमध्ये या पत्रिका अनिताबाई कोळपे करतात. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, भाडेकरार, संस्थांचे अहवाल, सगळंच त्या टाइप करतात, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख दशक्रियेच्या पत्रिकेमुळे. मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे, निवृत्ती जवळ आली आहे. आमचा वार्षिक अहवाल त्यांच्याकडे होतो, आणि अहवालात वर्षभरात वारलेल्या सभासदांना श्रद्धांजलीचं एक पान असतंच. त्यामुळे त्या दुकानात माझं जाणं-येणं जुनं.

त्यांची पद्धत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पत्रिकेची फाईल एकच. वर पणतीचं चित्र, त्याखाली जाड अक्षरात वारलेल्या माणसाचं नाव, मग तिथी, वार आणि घाट, तळाला दोन रांगांत शोकाकुल मंडळी मानाप्रमाणे, सभोवती काळी चौकट. नवीन माणूस वारला की अनिताबाई तीच फाईल उघडून आधीचं नाव बदलत. पण आधीचं पुसून मग नवं लिहिणं त्यांना मंजूर नव्हतं. जागा रिकामी झाली की अक्षराची जाडी, आकार, मध्यावर बसणं, सगळं त्या जागेबरोबर जातं आणि नवं नाव बारीक होऊन डावीकडे कुठेतरी पडतं. म्हणून आधीच्या नावाच्या पहिल्या अक्षरानंतर कर्सर ठेवायचा, तिथे नवं नाव लिहायचं, आणि मग पुढचं-मागचं खोडायचं. नवं नाव जुन्याच्या पोटातून येतं, त्याचं रूप घेऊन.

एक पत्रिका झाली की ते नाव पुढचा माणूस येईपर्यंत तिथेच राहायचं. समोरच्या चहाच्या टपरीवर यावरून चेष्टा चाले. अनिताबाईच्या दुकानासमोर खोकू नका, आत एक जण जागा धरून बसलाय आणि सुटायची वाट बघतोय, असं म्हणत. मीही एकदा विचारलं होतं की काम झाल्यावर नुसतं ‘अबक’ लिहून ठेवलं तर काय बिघडेल. त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, “अबक मेला न्हाई, भाऊसाहेब.”

अनिताबाईंचं माहेर कासुर्डीचं. दहावीनंतर यवतहून गाडी धरून त्या दौंडला टायपिंग शिकायला जात, तिथेच पुढे कॉम्प्युटर शिकल्या. लग्न निमोण्याच्या कोळप्यांच्या घरात झालं. घरची दोन पिढ्यांमागे मेंढरं होती, आता विहिरीवरची शेती. सासरे गेणबा आधीच वारलेले. घरात सासू अनसाबाई आणि त्यांचा एकुलता एक रविराज. तो सणसवाडीच्या एका कंपनीत होता. त्यानेच बायकोला शिरूरच्या या दुकानात नोकरीला लावलं. तेव्हा दुकान दुसऱ्या मालकाचं होतं.

मुलगी सायली रांगत होती तेव्हा दुसरी पाळी संपवून येताना रविराजच्या मोटरसायकलला हायवेवर कंटेनरने उडवलं.

पत्रिकेची वेळ आली तेव्हा मालक स्वतः निमोण्याला गेला आणि नावं सांगा, मी करून आणतो म्हणाला. सुतकात विधवा बाई बाजारपेठेत जात नाही. पण अनसाबाई सुनेला म्हणाल्या, “तूच लिव्ह. माझ्या पोराचं नाव परक्याच्या हातनं नगं.” भावकी कुजबुजत राहिली आणि या दोघी शिरूरला आल्या. मी अहवालाचे कागद घेऊन दुकानात होतो. सून टाइप करत होती आणि म्हातारी शेजारच्या स्टुलावर पदर घट्ट धरून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. पत्रिका झाल्यावर तिने विचारलं, त्याचं नाव कुठं हाय. अनिताबाईंनी दाखवलं. म्हातारीने पुढे वाकून काचेवर त्या जागी बोट टेकलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. पडद्यावर बोटाचा ठसा राहिला. मालकाने तो पुसला नाही.

सुतक सरल्यावर अनिताबाई कामावर आल्या तर पहिलं काम दुसऱ्या कुणाच्या तरी दशक्रियेचं. रविराजची पत्रिका बसली होती सुरेख, म्हणून मालकाने त्याच फाईलवर नवं नाव घालायला सांगितलं. पहिल्या अक्षरानंतर कर्सर ठेवण्याची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. रूप बिघडतं हे कारण त्या सांगतात आणि ते खरं आहे. पण ‘रविराज’ पुसून ती जागा कोरी पाहणं त्या दिवशी त्यांना जमलं नसेल, हेही मला वाटत आलेलं आहे.

त्यानंतर अनसाबाई बाजारच्या दिवशी शिरूरला आल्या की दुकानात यायच्या. भाजीची पिशवी दाराशी ठेवायच्या आणि म्हणायच्या, “रविराजची पत्रिका दाव.” अनिताबाई फाईल उघडायच्या. नावाच्या जागी कधी करड्याचा कुणी, कधी मांडवगणची कुणी बाई. म्हातारी त्या जागेवर बोट ठेवायची आणि म्हणायची, “हितं हाय.” सून म्हणायची, व्हय, तिथंच हाय. मी समोर बसलेला असायचो, मला पडद्यावरचं नाव दिसत असायचं. एकदा म्हातारी गेल्यावर अनिताबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आता काय सांगू त्यांना.

मालक थकला आणि दुकान अनिताबाईंकडे आलं. तेच टेबल, तोच कॉम्प्युटर, तीच फाईल. अनसाबाईंची पाठ वाकली, बाजाराला येणं कमी झालं, पण एक मागणं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मी गेले की माझी पत्रिका रविराजच्यासारखी काढायची, काडीचा फरक नको. त्याचं नाव जिथं होतं तिथंच माझं.

अनिताबाईंना याचीच धास्ती होती. फाईल तीच असली तरी पत्रिका ती राहिली नव्हती. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या हौसेप्रमाणे चौकट दुहेरी झाली होती, पणती बदलली होती, शोकाकुलांच्या रांगा रुंदावल्या होत्या. पहिली कशी होती ते दाखवायला कागद कुठेच नव्हता. लोकांनी रीतीप्रमाणे फाडले होते. म्हातारीला वाचता येत नसलं तरी ती चौकट तिने जितक्या वेळा पाहिली तितकी कुणी पाहिली नसेल.

गेल्या वर्षी कॉम्प्युटरच बसला. चालू व्हायला घरघर करायचा, मधेच काळा व्हायचा. सायली आता सणसवाडीत एका कंपनीच्या ऑफिसात आहे. तिने आईला नवीन कॉम्प्युटर आणून दिला, त्यात टायपिंगचा प्रोग्रॅमही नवा. आमच्या संस्थेतल्या जुन्या फायली नव्यात नेण्याचं काम मीच केलं होतं, म्हणून अनिताबाईंनी मला बोलावलं. दुपारची वेळ होती. आम्ही पेनड्राइव्हवरून पत्रिकेची फाईल घेतली तेवढ्यात न्हावऱ्याचा भारत आला. त्याचे वडील सोपानराव वारले होते. अनिताबाई म्हणाल्या, बस, तुझंच काम आधी करू.

फाईल उघडली तर मराठीचं नाव नाही. पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कुणी कचरा ओतल्यासारखी. हे मला अपेक्षित होतं. मजकूर जुन्या फॉन्टमधला, तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरला माहीत नाही. जुनं यंत्र कसंबसं चालू करून मी फॉन्ट उचलला आणि नव्यात टाकला. फाईल नव्या प्रकारात बदलायची का असं प्रोग्रॅमने विचारलं, मी नाही म्हटलं. जुनी फाईल जुन्याच पद्धतीने उघडी ठेवली तर चौकटी आणि रांगा फार हलत नाहीत. अनिताबाईंनी आपल्या रीतीने सोपानरावांचं नाव, तिथी, घाट घातला. मग मी फाईल बंद केली आणि सगळं नीट बसलं का बघायला पुन्हा उघडली.

अक्षरं मराठीच होती. पण त्यांच्यामधून तांबडं काहीतरी वर आलं होतं.

नावाच्या जागी आधी एक तांबडा ‘र’, त्याच्यावरून आडवी रेघ. मग काळ्या अक्षरात सोपानराव, त्यांचं पूर्ण नाव. आणि लगेच पुढे, पुन्हा तांबडं, पुन्हा रेघ मारलेलं, ‘विराज गेणबा कोळपे’. खाली तारखेपाशी तसंच. घाटापाशी तसंच. शोकाकुलांमध्ये भारतच्या भावकीच्या मधून कोळप्यांची भावकी तांबडी दिसत होती, आणि शेवटी ‘कु. सायली’. पहिली पत्रिका जशीच्या तशी खाली होती.

अनिताबाईंचा हात माउसवरून निघाला.

भारतने वाकून वाचलं. “भाऊसाहेब, ह्यो रविराज कोण?”

मी त्याला समजावलं. कागदपत्रात कुणी काय बदललं त्याची नोंद ठेवायची एक सोय या प्रोग्रॅममध्ये असते. जुन्या मालकाने ती कधीतरी चालू केली असणार. नवरा गेलेली बाई, चित्त ठिकाणावर नसेल, काय बदलते ते नंतर तपासता यावं म्हणून. मग तांबडं दिसू नये म्हणून ते झाकून ठेवलं, आणि बंद करायचं राहून गेलं. फाईल साठवताना नव्या प्रोग्रॅमने झाकलेलं उघडं केलं, एवढंच. मधली सगळी नावं अनिताबाईंनीच घातली आणि त्यांनीच काढली, म्हणून त्यांची नोंद उरली नाही. पहिलं नाव नोंद सुरू होण्याआधीचं. ते खोडलेलं म्हणून राहिलं.

भारतने सगळं ऐकून घेतलं, पण त्याच्या मनात वेगळाच हिशेब चालला होता. “मंजी आमच्या चुलत्याची पत्रिका केली, तवा त्येच्याबी खाली ह्योच व्हता?”

मला नाही म्हणता येईना.

“आन् समद्यांच्याच?”

त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि पत्रिका न करता निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला. कुणी लिहिलं, एका तिकिटात दोन पाशिंजर. पण गंमत करणारे थोडे. ज्यांच्या घरी अलीकडे पाठोपाठ माणसं गेली होती त्यांना गंमत वाटली नाही. अपघातात गेलेला माणूस, त्याला कुणी नीट जाऊ दिलं नाही, तो आपल्या माणसांना धरून बसला, असं बोलणं सुरू झालं. दुकानातली वर्दळ थांबली. अर्जवाले येत, पत्रिकेला कुणी येईना.

सायली रजेवर आली तेव्हा आईला म्हणाली, बदल मान्य करायचं एक बटन असतं, ते दाब, तांबडं कायमचं जाईल, मग लोकांना उघडून दाखव. मी त्याच्या शेजारचं दुसरंही सांगितलं. ते दाबलं तर इतक्या वर्षांचे बदल जातात आणि पहिल्या दिवशीची पत्रिका परत येते. अनिताबाईंनी दोन्ही ऐकलं. कॉम्प्युटर चालू होता, पत्रिका उघडी होती, पुढे-मागे तांबडं घेऊन सोपानराव तसेच मध्ये होते. त्यांनी कोणतंच बटन दाबलं नाही. आधी आत्यांना विचारते, म्हणाल्या. आत्या म्हणजे सासूबाई.

नंतर संस्थेच्या कामाने मी निमोण्याला गेलो तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. अनसाबाई पडवीत बाजेवर होत्या, अंगात उठण्याचं बळ उरलं नव्हतं. अनिताबाईंनी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं की रविराजचं नाव फाईलमध्ये निघालं, सगळ्यांच्या खाली होतं, लोक नावं ठेवतायत. मला वाटलं म्हातारी रडेल किंवा घाबरेल. ती सुनेकडे वळली.

“तुमाला आत्ता दिसलं व्हय? मी कवाची सांगतीया.” मग थोडा दम घेऊन म्हणाली, “किती जणास्नी पोटाशी धरलं रं माझ्या लेकरानं.”

त्यानंतर तिने तेच मागणं पुन्हा सांगितलं. मला त्याच्याजवळ घाल, त्याच्यासारखीच. बाहेर निघताना अनिताबाई चपलेत पाय घालत तिथेच थांबल्या. इतकी वर्षं मी त्यांना खोटं बोलते म्हणून मला रात्रीचा घास गोड लागला न्हाई, म्हणाल्या, आन् त्या खरं बोलत व्हत्या.

अनसाबाई थंडी सरता सरता गेल्या.

सुतकात सून पुन्हा शिरूरला जाणार, याला या वेळी भावकीत कुणी हरकत घेतली नाही. सायली आईबरोबर होती. मी पोचलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आधी फाईलची एक प्रत बाजूला काढून ठेवली, ही माझी सवय. मग अनिताबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बदल नाकारायचं बटन दाबलं.

सोपानराव गेले. दुहेरी चौकट एकेरी झाली, रांगा आवळल्या, जुनी पणती परत आली. पडद्यावर रविराजची पत्रिका उभी राहिली, सगळी काळी, कुठे रेघ नाही, जणू ती आज सकाळी टाइप झाली आहे आणि दशक्रिया अजून व्हायची आहे. नाव मध्यापासून जरासं उजवीकडे सरकलेलं होतं. नावाच्या आधी मोकळ्या जागा जास्त पडलेल्या. त्या दिवशी ते बटन किती वेळा दाबलं ते कळलंच न्हाई, अनिताबाई म्हणाल्या. सायलीने वडिलांचं नाव वाचलं, मग खाली स्वतःचं. बाहेर एसटीचा भोंगा वाजत होता.

अनिताबाईंनी जास्तीच्या मोकळ्या जागा काढल्या नाहीत. ‘र’च्या पुढे कर्सर ठेवला आणि सासूचं नाव लिहायला लागल्या. त्याखाली एक ओळ वाढवली, ‘कै. रविराज यांच्या मातोश्री’. मी चौकट पट्टीने मोजली. छापखान्यात प्रोग्रॅम आणखी वेगळा, तिथे उघडल्यावर सगळं सरकलं असतं, म्हणून तांबडं झाकून, पान गोठवून चित्रासारखं दिलं. एक रेघ हलली नाही.

माझ्याकडेही पत्रिका आली. उंबऱ्यात उभा राहून वाचली. नाव जरासं उजवीकडे होतं. मग रीतीप्रमाणे फाडली, पण त्या दिवशी कागद फाटल्याचा आवाज मला घरात येऊन बसल्यावरही ऐकू येत होता.

ती फाईल अनिताबाईंनी पुन्हा उघडलेली नाही. तिच्यात आता पुढे तांबडा ‘र’ आहे, मध्ये अनसाबाई, मागे तांबडं ‘विराज’. तिथे यापुढे कुणी जाणार नाही.

पत्रिकेची गिऱ्हाइकं परतू लागली ती भारतपासूनच. भारतने वडिलांची पत्रिका दुसरीकडे केली होती. एकाकडे टाइप, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून छपाई. तिथे रांगा घसरल्या, थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्यांच्या खाली गेलं, आणि ते चुलते घाटावर आलेच नाहीत. वर्षश्राद्धाच्या वेळी भारत मान खाली घालून अनिताबाईंच्या दारात उभा राहिला. मी अहवालासाठी आलेलो होतो. आता फाईल नवी आहे, कोरी पत्रिका नव्याने आखलेली आहे, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि ती उघडली.

मी पडद्याकडे पाहिलं. नावाच्या जागी जाड अक्षरात होतं, ‘कै. अनिता रविराज कोळपे’.

भारत बाहेर फोनवर बोलत होता. मी हलक्या आवाजात त्यांना म्हणालो, तुम्हीच म्हणाला होतात, अबक मेला नाही म्हणून.

“पयलं नाव कुणाचं तरी लागतंच, भाऊसाहेब. दुसऱ्याच्या घरचं माणूस कशाला अडकवून ठेवू?”

भारत आत आला. अनिताबाईंनी ‘अ’च्या पुढे कर्सर ठेवला, सोपानरावांचं नाव लिहिलं, पुढचं-मागचं खोडलं. नाव ठसठशीत बसलं, बरोबर मध्यावर. भारतने पडदा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग संकोचून विचारलं, “आता खाली कुणी न्हाई ना, ताई?”

“परकं कुणी न्हाई,” त्या म्हणाल्या.

त्याचं समाधान झालं. मी मात्र पडद्याच्या तळाच्या पट्टीकडे पाहिलं. बदलांची नोंद चालू होती, तांबडं झाकलेलं होतं.

या वर्षीच्या अहवालात निवृत्त होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे. ते अनिताबाईंनीच टाइप केलं. श्रद्धांजलीचं पान आणि काळी चौकट केव्हा येईल ते सांगता येत नाही. पण तेव्हा माझं नाव कुणाच्या नावातून वर येईल, ते मला आत्ताच माहीत आहे.